मंजू, लिस्ट लहान कर आणि ये

प्रिय मंजू,

तुझी लिस्ट मिळाली. बाली, बोरोबुदूरचा बौद्ध स्तूप, कोमोडोच्या अजस्र घोरपडी, ओरांगउटान वानर, राजा अम्पातची बेटं, आणि हे सगळं इंडोनेशियात नऊ दिवसांत, सोबत दोन मुलं आणि सासूबाई! तुम्ही खरंच येताय याचा इतका आनंद झालाय की काय सांगू, चार वर्षं वाट बघतेय मी जकार्तात बसून. पण लिस्ट वाचून पोटात गोळाही आला, कारण अगदी अशीच लिस्ट आम्हीपण केली होती, म्हणून फोनवर घाईघाईत बोलण्यापेक्षा निवांत लिहितेय, घरी सगळ्यांना वाचून दाखव.

आधी नकाशा नीट बघ. हा देश म्हणजे १७,००० च्या वर बेटं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ५,००० किलोमीटरच्या पुढे, तीन टाइम झोन. तू लिहिलंयस की राजा अम्पात बालीवरून करू, अगं ते पापुआच्या पार पश्चिम टोकाला आहे, इथून सोरोंगपर्यंत चार तास विमान आणि तिथून राजा अम्पातच्या वायसाईला अजून दोन तास बोट, घड्याळ दोन तास पुढे जातं ते वेगळंच. तिथली प्रवाळं जगात भारी आहेत पण ती पाण्याखाली आहेत, आणि तुमच्यात पोहता फक्त तुलाच येतं. शिवाय समुद्र शांत असतो तो साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, तुम्ही येणार मेमध्ये. इथे पाऊसपण सगळीकडे एकाच वेळी नसतो. जावा-बालीत मे ते सप्टेंबर कोरडे दिवस, आणि नेमका तेव्हाच तिकडे पूर्वेला अंबोन बेटावर धो धो पाऊस. म्हणजे आधी महिना बघायचा आणि मग बेट ठरवायचं, आपण नेहमी उलटं करतो.

आता आमचं सांगते. बाबा आले होते पहिल्या वर्षी, आठ दिवसांसाठी, आणि आम्ही त्यांना चार बेटं दाखवायची ठरवली. तिसऱ्या दिवशी विमान पाच तास लेट झालं, त्यामुळे पुढची बोट चुकली, बोट चुकली म्हणून हॉटेलचे पैसे बुडाले, आणि मग ते भरून काढायला प्रम्बाननच्या देवळांना जो अख्खा दिवस ठेवला होता तो दीड तासावर आणला. मंजू, बाबा आयुष्यभर रामायण वाचत आलेले. प्रम्बानन नवव्या शतकातलं, मधलं शंकराचं देऊळ ४७ मीटर उंच, आणि त्याच्या भोवतीच्या कठड्याला आतून रामायण कोरलंय, प्रदक्षिणा घालत घालत वाचायचं. बाबा एकेका शिळेसमोर थांबत होते, हा मारीच बघ, हा वाली बघ, आणि मी मागून बाबा चला, बाबा फ्लाइट आहे. कथा तिथे सेतूपर्यंत येते, वानर दगड टाकतायत आणि खाली समुद्रात मासे ते दगड तोंडात धरून पोहतायत. पुढची लंका शेजारच्या ब्रह्मदेवाच्या देवळावर आहे. ते देऊळ आम्ही बघितलंच नाही. बाबा काही बोलले नाहीत, गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले की सेतूपर्यंत तरी पोचलो. ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, दोनच मुक्काम कर. चार रात्री जोग्याकार्ता, कारण प्रम्बानन आणि बोरोबुदूर तिथूनच जवळ, तीन रात्री बाली, बाकी सगळं पुढच्या वेळी.

मुंबईहून आधी आमच्याकडे उतरा, एक रात्र झोपा आणि सकाळी जोग्याला ट्रेननेच जा, विमान नको. सहा-सात तास लागतात पण खिडकीतून भातशेती आणि ज्वालामुखी दिसत राहतात, मुलं खूश होतील. इथे ट्रेनला करेता आपी म्हणतात, म्हणजे शब्दशः आपली आगगाडीच! असे शब्द खूप भेटतील, भाषेला बहासा, भूमीला बुमी, बायकोला इस्त्री आणि नवऱ्याला चक्क स्वामी, म्हणजे सुआमी.

प्रम्बाननला अख्खा दिवस ठेव. पायऱ्या उंच आहेत, सासूबाईंना धरून एकदाच वर न्यायचं, पश्चिमेच्या गाभाऱ्यात गणपती आहे आणि उत्तरेच्या गाभाऱ्यात महिषासुरमर्दिनी. संध्याकाळी तिथेच उघड्यावर रामायणाचं नृत्य असतं, मे ते ऑक्टोबर, रोज नसतं म्हणून वार बघून ठरवू. एकही संवाद नाही, फक्त नाच आणि गामेलान या वाद्यवृंदाचं संगीत, मागे देवळं उजळलेली. इथले लोक बहुतेक मुसलमान, तरी रामायण त्यांना आपल्याइतकंच जवळचं आहे, ते बघून मला पहिल्यांदा रडू आलं होतं.

बोरोबुदूरला वर चढायला रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, तिकीट आधी काढावं लागतं, आणि पायात घालायला खास सपाता देतात, त्यांचं नाव उपानत, सरळ संस्कृतच. ५०४ बुद्धमूर्ती आहेत. सासूबाईंना चढवू नकोस, खाली हिरवळीवरून अख्खं बोरोबुदूर छान दिसतं, मी बसेन त्यांच्यासोबत.

शाकाहारी जेवणाची काळजी करू नकोस पण सावध राहा. टेंपे मिळतं सगळीकडे, सोयाबीन आंबवून केलेलं, तळलं की मस्त लागतं. जोग्याचं गुडेग म्हणजे कोवळ्या फणसाची नारळाच्या दुधातली गोडसर भाजी, कोकणातल्या माणसाला लगेच आवडेल, फक्त त्यासोबत क्रेचेक देतात ते जनावराचं कातडं असतं, ते आणि चिकन नको म्हणून सांगायचं. भाज्यांमध्ये, चटणीत तरासी नाही ना विचारायचं, ती कोळंबीची असते. हे तीन शब्द मी कागदावर लिहून देईन सासूबाईंच्या पर्समध्ये ठेवायला.

बालीत दक्षिणेच्या बीचवर राहू नका, ट्रॅफिकमध्येच दिवस जातो. उबुदच्याही पुढे सिदेमेनला राहा, डोंगरउतारावरची खाचरं, आणि पाणी वाटून घ्यायची त्यांची सुबाक नावाची जुनी पद्धत, तुझे सासरे शेती करायचे ना, सासूबाईंना बांधावरून एक नजर टाकली तरी सगळं कळेल. छोटीला समुद्र हवाय, तो एक दिवस ठेवू.

कोमोडोचं लेकाला मी समजावते. तिथे जायचं तर बोटीवर चढउतार, पादार बेटावर भर उन्हात पायऱ्या, तीन दिवस तरी हवेतच. ओरांगउटान मात्र मला स्वतःला सगळ्यात आवडलं, कालिमांतानमध्ये, म्हणजे बोर्निओ बेटावर, नदीतून लाकडी बोटीने तीन दिवस, रात्री डेकवरच झोपायचं, पण ते आपण दोघी करू कधीतरी, मुलं मोठी झाली की.

व्हिसा विमानतळावर मिळतो, माणशी ५ लाख रुपिया, आकडा बघून घाबरू नकोस, आपले अडीच-तीन हजार होतात. बालीला परदेशी लोकांना वेगळे दीड लाख रुपिया भरावे लागतात, ते ऑनलाइन मी भरते.

आणि हो, मुख्य सांगायचं राहिलंच. बाबा परत येतायत, मेमध्येच. आता गुडघे त्यांचेही दुखतात, पण तिकीट काढलंय. यावेळी आम्ही ब्रह्मदेवाच्या देवळापासून सुरू करणार आहोत, लंकेपासून पुढे, हवा तेवढा वेळ. तुमच्या तारखा लवकर कळव म्हणजे प्रम्बाननचा दिवस एकच धरता येईल, सासूबाई आणि बाबा दोघं मिळून वाचतील. पासपोर्ट सहा महिने व्हॅलिड आहेत ना ते आजच बघ.

तुझीच,
अनघा