तो हमिंगबर्ड नव्हे, सुहास

कोथरूड, पुणे
सप्टेंबर अखेर

प्रिय सुहास,

तुझ्या धाकट्याने पाठवलेला व्हिडिओ पोचला. 'काका, आमच्या बाल्कनीत हमिंगबर्ड!' त्याला सांग, हमिंगबर्ड बघायचा तर अमेरिकेत जावं लागतं, आपल्या देशात तो नाहीच. पण पोराची नजर तयार आहे. व्हिडिओ थांबवून बघ, पंखांतून मागची जाळी आरपार दिसते. पक्ष्याचा पंख कधी असा असतो का?

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात वेताळ टेकडीवर माझीही याच स्वारीशी गाठ पडली. खाणीच्या अलीकडे घाणेरीचं रान माजलंय, तिथे. एका झुपक्यावर काळा भुंगा चांगला ठाण मांडून बसला होता आणि शेजारच्या झुपक्यासमोर हे महाशय हवेतच उभे! पाय फुलाला लावायचं नाव नाही. लांब सोंड नळीत घालायची, क्षणभर थांबायचं, की पुढचं फूल. अंग जाडजूड, वरून पिवळट हिरवं, पोटावर तांबडा पट्टा आणि शेपटाला काळ्या केसांचा झुबका. मिशा टोकाकडे जाड होत गेलेल्या आणि शेवटी किंचित वळलेल्या. इतकं दिसल्यावर भुंगा, माशी सगळं बाद. हा हॉक मॉथ, शास्त्रीय नाव सेफॉनोडिस हायलस. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७७१ मध्येच त्याची नोंद करून ठेवलीय. दिवसाढवळ्या हिंडणारा पतंग, म्हणून लोक फसतात.

सोबतच्या एका जाणकाराने 'क्लिअरविंग', म्हणजे पारदर्शक पंखांचा पतंग, म्हणून शिक्का मारला. तिथे मी थोडा वाद घातला (माझा स्वभाव तुला माहीत आहे). क्लिअरविंग म्हणून जे कुळ ओळखतात ते सेसिइडी. ते पतंग बारीक अंगाचे, थेट गांधीलमाशीचं सोंग घेणारे, आणि त्यांच्या अळ्या खोडात नाहीतर मुळात शिरून पोखरतात. शिवाय पावसाळ्यात गवतावर सुस्त बसलेला, काळ्या पंखांत पारदर्शक खिडक्या आणि पोटावर पिवळे पट्टे असलेला अमाटा नावाचा पतंग, तो आणखी तिसराच. म्हणजे नुसते पारदर्शक पंख बघून नाव ठेवायचं नाही. अंगाची ठेवण, मिशा आणि फुलावर बसतो की नाही, हे आधी बघायचं.

आणि हे पंख जन्मतः पारदर्शक नसतातच बरं का! कोशातून बाहेर येतो तेव्हा त्यांच्यावर करड्या खवल्यांचा थर असतो. पंख वाळले, पहिल्यांदा फडफडले की खवले झडतात, मागे उरतो शिरांचा सांगाडा आणि मधला स्वच्छ पडदा. हे झडणं बघायला मिळावं अशी माझी फार इच्छा आहे, आणि त्यासाठी तुझं घर माझ्या टेकडीपेक्षा सोयीचं.

कारण वहिनींचा अनंत. या पतंगाची अळी अनंताची पानं खाते. कॉफी आणि अनंत एकाच कुळातले, तिथेही ती असते. फांद्या बोडक्या दिसल्या आणि कुंडीखाली मिऱ्यांएवढ्या लेंड्या पडल्या असल्या, की वर शोधायचं. हिरव्या पानांत हिरवी अळी पटकन सापडत नाही. शेवटाला शिंग असतं, ते दिसतं. शिंगाला घाबरू नका, ते टोचत नाही. वहिनींना म्हणावं, फवारणी तेवढी थांबवा. चार पानं गेली तर झाड मरत नाही, पुन्हा फुटतं.

अळी मोठी झाली की खाली उतरते आणि पाचोळ्यात नाहीतर मातीत कोश करते. तेव्हा त्या कुंडीतली माती एवढ्यात उकरू नका, वरचा पाचोळाही झाडून टाकू नका. दिवाळीत येतोच आहे. धाकट्याला मोबाइलचा स्लो मोशन शिकून ठेवायला सांग, मला ते काही जमत नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश