ध्रुव वर, व्याध खाली

बर्लिन, १७ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार. दादाला नमस्कार, पिल्लूला पापा.

वहिनी, हे पत्र तूच मोठ्याने वाच. दादा मधली वाक्यं गाळतो, हे मला मागच्या वेळी कळलंय. बाबांनी डोळ्याच्या ऑपरेशननंतरचे ड्रॉप्स संपेपर्यंत मोबाइल डोळ्यांसमोर धरायचा नाही, असा आईचा हुकूम आहे म्हणे. बरोबरच आहे. म्हणून फोटो वेगळे पाठवलेत, ते नंतर बघा. आधी ऐका.

मी ठणठणीत आहे. ऑफिस, डबा, किराणा हे सगळं रविवारच्या फोनवर होतंच, ते परत लिहीत नाही. सर्दी गेली. आई, ती सर्दी रात्री उघड्यावर बसल्याने झाली नव्हती, त्याआधीचीच होती. आता उल्कावर्षावाच्या त्या रात्रीचं सांगते, कारण फोनवर तू मला सांगूच दिलं नाहीस, नुसती "एकटी होतीस का" एवढंच विचारत राहिलीस.

एकटी नव्हते. ऑफिसातलं पुण्याचं जोडपं होतं आणि ज्याची गाडी होती तो एक जण. बर्लिनच्या पश्चिमेला सत्तरेक किलोमीटरवर हाफेल नदीच्या काठी ग्युल्पे नावाचं खेडं आहे. जर्मनीतल्या सगळ्यात अंधाऱ्या जागांमध्ये त्याचं नाव घेतात. तो सगळा वेस्टहाफेललँडचा भाग २०१४ पासून काळोखासाठी राखीव आहे. आपण अभयारण्यात वाघ राखतो तसा इथे अंधार राखलाय. दिवे खाली तोंड करून, कमी उजेडाचे. हे ऐकून बाबा म्हणतील, अंधार राखायला जर्मनीला कशाला जायला हवं, आमचं लोडशेडिंग काय वाईट होतं!

वाटेत राथेनो नावाचं गाव लागतं. तिथे डुंकर नावाच्या पाद्र्याने १८०१ मध्ये चष्म्यांच्या काचा घासायचा कारखाना काढला आणि गाव भिंगांचं होऊन गेलं. तिथून जाताना बाबांची फार आठवण आली. पुढे सांगते का ते.

आई, तुझी पहिली भीती: "ते वरून अंगावर पडलं तर?" लोणारच्या शेजारी जन्म गेल्यावर ही भीती वाटणारच, मी हसत नाही. बाबा आम्हाला लहानपणी तळ्याच्या काठावर उभं करून सांगायचे की दगड आभाळातून आला आणि जवळजवळ दोन किलोमीटर रुंद खड्डा पडला. पण उल्कावर्षावातले कण म्हणजे खसखस, फार तर साबुदाणा. फेथन नावाचा एक लघुग्रह आहे, १९८३ मध्ये सापडलेला. तो आपल्या वाटेवर धूळ सांडत गेलाय आणि दर डिसेंबरात पृथ्वी त्या धुळीतून जाते. कण सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने येतो, म्हणजे मेहकरहून लोणारला एका सेकंदाच्या आत. त्या वेगामुळेच तो ८०-१०० किलोमीटर वरच जळून जातो. खाली येतं ते काहीच नाही. आजी म्हणायची ना, तारा तुटला की कुणीतरी गेलं. इथे तारा तुटला की मनात काहीतरी मागायचं आणि ते कुणाला सांगायचं नाही. त्याला 'श्टेर्नश्नुप्पे' म्हणतात. श्नुप्पे म्हणजे वातीची जळकी काजळी. देवापुढच्या समईची काजळी तू झाडतेस ना, तेच. हा शब्द कळल्यावर मला जर्मन भाषा पहिल्यांदा थोडी आपली वाटली.

आता फोटोचं. पिल्लूला वाटतं मी नेम धरून उल्का टिपते. तसं नाही गं. तिपाईवर कॅमेरा लावायचा, भिंग पूर्ण उघडायचं, एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने फोकस जुळवून रिंगवर चिकटपट्टी मारायची आणि पंधरा-पंधरा सेकंदांचे फोटो आपोआप निघू द्यायचे. उल्का सेकंदभरही टिकत नाही, त्यामुळे फोटो जास्त वेळ उघडा ठेवला म्हणून ती उजळ येत नाही. भिंग मोठं हवं, एवढंच. रोखायचंही थेट मिथुन राशीकडे, म्हणजे जिथून या उल्का निघताना दिसतात तिकडे, नाही, जरा बाजूला, कारण तिथल्या रेघा आखूड येतात आणि बाजूच्या लांब. सहा तासांत साडेतेराशे फोटो निघाले. उल्का सापडल्या एकतीस फोटोंत. बाकी सगळे विमानांचे आणि उपग्रहांचे. तुम्हाला व्हॉट्सॲपवर जो फोटो येतो, ज्यात आभाळातून शंभर रेघा एकदम पडताना दिसतात, तो असाच रात्रभराचे फोटो एकावर एक ठेवून केलेला असतो. मी पाठवलेला दुसरा फोटोही तसाच आहे, हे प्रामाणिकपणे सांगते. पहिला मात्र एकाच वेळचा आहे, त्यात एकच रेघ आहे. मला तोच जास्त आवडतो.

मध्येच सगळे फोटो धुरकट यायला लागले. भिंगावर दव. तेव्हा मला आमची मालकीणबाई आठवली, आणि आता हे नीट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इथे लोक कडाक्याच्या थंडीत खिडक्या उघडतात. चुकून नव्हे, नेमाने. सकाळी उठल्यावर हीटर बंद करायचा, सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं कुडकुडत उभं राहायचं, मग बंद. दुपारी परत. झोपताना परत. नुसती फट ठेवलेली चालत नाही, सताडच. माझ्या भाडेकरारात तसं लिहिलेलं आहे! आपल्याकडे वारा लागेल म्हणून कान बांधतात, इथे वारा लागावा म्हणून घर उघडतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, बाई वेडी आहे. मग कपाटामागची भिंत काळी पडली. माझ्या कुकरच्या चार शिट्ट्या, वरणाची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे, सगळी वाफ गार भिंतीवर जाऊन बसत होती. पावसाळ्यात आपल्या मागच्या खोलीत बुरशी येते तसं. तिने मला बोट दाखवून शिकवलं, ओरडली नाही, पण चहाही घेतला नाही. तर भिंगाचंही तेच. मोकळ्या आभाळाखाली काच हवेपेक्षाही गार होते आणि हवेतली वाफ तिच्यावर बसते. मग हात गरम ठेवायच्या छोट्या पुड्या मिळतात, त्या मोज्यात घालून मोजा भिंगाला गुंडाळला. (ज्याची गाडी होती त्याचा मोजा. माझे मी काढले नाहीत, आई, दोन्ही पायांत दोन-दोन होते.) आणि घरी आल्यावर कॅमेरा लगेच उघडायचा नाही, पिशवीत गुंडाळून तासभर तसाच ठेवायचा, नाहीतर उबेत आणून पुन्हा ओला.

थंडी उणे चार होती. थर्मल, स्वेटर, दोन टोप्या. थर्मासमध्ये आल्याचा चहा. वहिनी, पुढचं वाक्य मनात वाच: या भागात लांडगे आहेत, पण आम्हाला फक्त रानडुकरं ऐकू आली, तीही लांब.

बाबा, आता तुमच्यासाठी. मेहकरला ध्रुव क्षितिजापासून वीस अंशांवर असतो, शेजारच्या निंबाआड जातो असं तुम्ही म्हणायचा. इथे तो बावन्न अंशांवर, मान वाकडी करावी लागते. आणि व्याध, जो आपल्या गच्चीवरून मध्यरात्री त्रेपन्न अंशांवर चढतो, तो इथे जेमतेम वीस-एकवीस अंश वर येतो आणि झाडांच्या रेषेवरून सरकत जातो. दोघांनी जागाच बदलल्यात. मृग मात्र तोच, तुम्ही दाखवलेला. इथे रात्रीचे दोन वाजले तेव्हा तिकडे साडेसहा. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आई घट मांडत असेल, असं मनात आलं आणि त्याच वेळी मिथुनेतून एक मोठी निघाली, पिवळसर, ब्रह्महृदय ताऱ्याच्या जवळून. सगळे ओरडले. मी काही मागितलं नाही. पटकन सुचलंच नाही.

बाबा, तुमच्या डोळ्यातलं भिंग बदललं त्याच महिन्यात मी भिंग विकत घेतलं. हे तुम्हाला दादाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. जुनं, वापरलेलं आहे, साडेचारशे युरो. ऑपरेशनसाठी पाठवलेले पैसे त्याच्या आधीच पाठवले होते, त्यातलं काही कमी केलेलं नाही. दादा, उरलेले परत पाठवतो म्हणालास, ते पाठवू नकोस, मागच्या खोलीच्या भिंतीला लाव. आणि आई, "सुटी मिळत नाही" असं मी नोव्हेंबरात म्हणाले होते. मग गुरुवारची कुठून मिळाली, असं तू फोनवर विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर बरं झालं असतं. एका दिवसाची मिळते, दहा दिवसांची मागावी लागते. मी मागितली नव्हती.

फेब्रुवारीत दहा दिवस येते आहे. तिकीट काढलंय.

संभाजीनगरच्या स्थळाचं. मुलगा चांगला आहे, फोटो बघितला, पगार बघितला, घर बघितलं. आई, त्या रात्री डोक्यावर ययाती नावाचा तारकासमूह होता आणि त्याच्या शेजारी देवयानी आणि शर्मिष्ठा दोघीही. मराठीत ही नावं ठेवणाऱ्यांना संसाराची चांगलीच कल्पना असणार. थट्टा करते आहे म्हणून रागावू नकोस. त्या लोकांना फेब्रुवारीपर्यंत थांबवून ठेवू नका. का, ते आल्यावर सांगते. वहिनी, इथे थांबून आईकडे बघू नकोस, सरळ पुढे वाच.

बाबा, ऑपरेशननंतर निळा रंग जास्त निळा दिसतो म्हणतात. रात्री दहाला गच्चीवर या, पण जिन्यात दादाचा हात धरून. रोहिणी डोक्यावर असेल, तांबूस. आग्नेयेला व्याध. आधी उजव्या डोळ्याने बघा, मग डाव्या. दोन्हीकडून रंग वेगळा दिसला तर मला रविवारी सांगा. ड्रॉप्स चुकवू नका. गार वारा असेल तर कानटोपी घाला.

तुमची,
सोनू