व्हायोलिन आपलं, मग मेंडोलिन परकं कसं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्यातल्या हौशी वाद्यवादन स्पर्धेची बातमी आपल्या अंकात वाचली. नावनोंदणीच्या टेबलावर जे घडलं ते तिच्यात येणं शक्यच नव्हतं, म्हणून हे पत्र.

मी उभादांड्याचा शिंपी. दशावतारी कंपन्यांचे अंगरखे शिवतो, तसे पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉकही शिवतो. 22 वर्षं मेंडोलिन वाजवतोय. स्पर्धेत भूप राग वाजवायचा म्हणून 'शास्त्रीय' गटाचा अर्ज भरला. टेबलावरच्या गृहस्थांनी मेंडोलिनची पेटी उघडायला लावली आणि म्हणाले, "ह्यां काय घेऊन इलात, टेलरमामा? ह्यां इंग्रजी वाद्य. 'इतर'मधी लिवा." रांगेत माझ्या पुढे असलेल्या एका मुलीचं व्हायोलिन दोन मिनिटांपूर्वी त्यांनीच 'शास्त्रीय'मध्ये लिहून घेतलं होतं. 'इतर'मध्ये मी, एक माउथ ऑर्गन आणि तोंडाने शीळ घालणारा एक मुलगा. (मुलगा सुरेख वाजला, त्याबद्दल तक्रार नाही.)

मेंडोलिन इटलीचं, मान्य. इंग्रजी मात्र नाही. आणि व्हायोलिन तरी कुठलं? तेही तिकडूनच आलं. दोन्हींच्या तारा एकाच सुरांत लागतात: जी, डी, ए, ई. डीला षड्ज धरला की एवर पंचम आयता. मेंडोलिनला तारांच्या चार जोड्या आणि पडदे, व्हायोलिनला चार सुट्या तारा आणि गज, एवढाच काय तो फरक. पेटीचंही तेच. 1940 साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती कितीतरी वर्षं टिकली. आज पेटीशिवाय डबलबारी, म्हणजे भजनाचा सामना, उभी करून दाखवा बघू! त्या दिवशी 'शास्त्रीय' गटात साथीला पेटीच होती.

मेंडोलिनवर राग वाजत नाही म्हणावं, तर संगीतकार सज्जाद हुसेन वाजवत होते. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी लहान वयातच या वाद्यावर कर्नाटक संगीताच्या मैफली केल्या, 1998 साली पद्मश्री मिळवली. त्यांनी जोडतारा काढून एकेक तार ठेवली आणि वाद्य विजेवर नेलं, कारण जोडतारांवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढणं म्हणजे बोटांचे हाल. माझी मींड एका सुरापुढे जात नाही. पडदे पक्के, त्यामुळे भूपाचा गंधार तानपुऱ्याशी किंचित चढा बोलतो. यासाठी परीक्षकांनी गुण कापावेत, खुशाल कापावेत. पण आधी ऐकावं तरी!

मी शिकलो ते आमच्या शेजारच्या मास्तरांकडून. ते गोव्यात चर्चच्या शाळेत सोल्फा (डो-रे-मीची स्वरलिपी) आणि व्हायोलिन शिकलेले. मेंडोलिनचा सूर छेडल्याबरोबर विरतो, म्हणून लांब सुरासाठी स्ट्रायकर (तारा छेडायची पातळ चकती) सारखा वरखाली हलवत ठेवावा लागतो. माझं ते खडबडीत व्हायचं. एकदा मास्तर दुकानात बसले होते, मी फ्रॉकची कड मारत होतो. ते म्हणाले, "पायाला जमतं ते मनगटाला का नाही?" तेव्हापासून मी मशीनच्या चालीवर मनगट हलवतो. टाका मोठा-लहान झाला की कानाला लगेच कळतं. मे महिन्यात वाडीतल्या खुरसासमोर (क्रुसासमोर) लदीन, म्हणजे गाऊन केलेली प्रार्थना, असतं, तिथे मास्तर व्हायोलिनवर वरचा सूर धरायचे, मी खालचा. त्यांच्याच वहीतून उतरवलेला विवाल्दीच्या मेंडोलिन कॉन्चेर्तोचा संथ भाग मी अजून पावसाळ्यात वाजवतो, गिऱ्हाईक नसलं की. आणि दशावतारी मंडळी मापं द्यायला आली की नाटकातलं एखादं पद. ते लोक ऐकून घेतात, "पखवाज आणूक व्हयो व्हतो," म्हणतात. हे वाद्य कुठल्या देशाचं, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही.

इथे मेंडोलिन सांभाळायचं म्हणजे खाऱ्या हवेशी भांडण. पोलादी तारा जुलैत तांबरतात. वाजवून झाल्यावर मशीनच्या तेलाचं बोट पुसून कोरडं फडकं मारतो, तरी ईची जोडी दोन महिन्यांत जाते. मेंडोलिनच्या तारा इथल्या दुकानांत नाहीत. गिटारची पहिली तार घ्यायची, तिच्या टोकाचा पितळी मणी पकडीत चिरडून काढायचा, उरलेला फास खिळ्याला बरोबर बसतो. एवढं करून जो माणूस भूपापर्यंत पोचतो, त्याला निदान त्याचा गट तरी मिळावा.

संयोजकांना एवढंच सांगणं: पुढच्या वर्षीच्या अर्जात वाद्यानुसार गट पाडू नका, काय वाजवणार ते विचारा. भूप वाजवला तर शास्त्रीय, पद वाजवलं तर लोकसंगीत. आणि चर्चचं संगीत कुणाला वाजवायचं असेल तर त्यालाही एक ओळ ठेवा, आपल्या तालुक्यात ते वाजवणारे अजून आहेत. नोंदणी रविवारी दुपारनंतर असेल तर बरं, तेव्हा दुकान बंद असतं.

आपला,
एक शिंपी वाचक,
उभादांडा, वेंगुर्ले