पान्हा माझ्याच हातात ठेवलात, काका

तीर्थस्वरूप काका,
साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाक" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमची लेक तुम्हाला वाचून दाखवेल. शिवाय जुन्या गाड्या जिवापाड सांभाळणारे आपले लोक इथे इंग्लंडात आहेत, तिकडे पुण्या-मुंबईतही आहेत. त्यांच्यापैकी कुणाची गाडी आत्ता एकेक पार्ट बदलत गॅरेजात उभी असेल, तर तुम्ही मला जे शिकवलंत ते त्यांच्याही कामी यावं.

माझी गाडी 1966 ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, गडद हिरवी. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात पाच लाखांहून जास्त एमजीबी तयार झाल्या, त्यातली ही एक. साठवलेल्या पैशांतून मी ती घेतली आणि दुसऱ्याच महिन्यात तिनं मिसिंग मारायला सुरुवात केली. ताशी पन्नास मैलांच्या वेगाला एकसारखी चालली असताना अचानक गचके द्यायची, कधी पूर्ण बंद पडायची. कडेला घेऊन चावी फिरवली की काही झालंच नाही अशा थाटात सुरू.

गॅरेजवाल्यांनी कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, धरला. दोन्ही एसयू कार्बोरेटर ओव्हरहॉल झाले, मग पेट्रोलचा पंप बदलला, मग ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉईल नवी टाकली. प्रत्येक वेळी त्यांच्या आवारात इंजिन शिलाई मशीनसारखं चालायचं आणि प्रत्येक वेळी हायवेवर मला ती कडेला घ्यावी लागायची. तिसऱ्या खेपेला मी ट्रकच्या रांगेसमोर बंद गाडीत बसले होते, हात थरथरत होते. त्या रात्री गाडी विकायची जाहिरात लिहून ठेवली होती, काका. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग मंडळाच्या गणपतीत, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, कुणीतरी तुमच्याकडे बोट दाखवलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात बसवून साठच्या दशकात इकडे आलेला आणि उभी हयात इथल्या गॅरेजांत गाड्यांच्या वायरिंगमध्ये घालवलेला माणूस. मी माझं रडगाणं सुरू केलं. तुम्ही मधेच थांबवून तीनच गोष्टी विचारल्यात. उभ्या गाडीत, नुसतं इंजिन चालू असताना गचके देते का? नाही. चढावर पाय दाबून चालवताना देते का? त्यावर मला विचार करावा लागला, आणि लक्षात आलं की नाही, तेव्हाही कधीच नाही. मग तिसरा प्रश्न: "बंद पडती तवा आरपीएमचा काटा कसा पडतो? हळूहळू का फटदिशी?"

याचं उत्तर मला देता येईना. इतक्या महिन्यांत मी काट्याकडे पाहिलंच नव्हतं, आणि मला कुणी विचारलंही नव्हतं.

रविवारी तुम्ही तुमचा पत्र्याचा डबा घेऊन आलात आणि बॉनेट न उघडता सरळ शेजारच्या सीटवर बसलात. आपण केनिलवर्थच्या रस्त्याला लागलो. तिनं गचका दिला आणि काटा क्षणात शून्यावर आपटून परत वर आला. गाडी गिअरमध्ये होती, चाकं इंजिनाला फिरवतच होती, तरी काटा शून्यावर. तुम्ही म्हणालात, "पेट्रोल संपतंय म्हणून इंजिन मरत असतं, तर काटा इंजिनासंगं खाली आला असता. ह्यो करंट तुटतोय." या गाडीचा आरपीएम मीटर कॉईलच्या वायरीतून जाणाऱ्या करंटचे ठोके मोजतो, हे मला तेव्हा कळलं. ठोके थांबले की काटा पडतो. कार्बोरेटर आणि पंप, दोघेही निर्दोष होते.

घरी आल्यावर जे झालं ते मला जन्मभर आठवेल. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं ठिणगी पोचवणाऱ्या भागाची, टोपी काढली. आतले पॉइंट, म्हणजे कॉईलचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं, मिटेपर्यंत टॉप गिअर टाकून गाडी हातभर पुढे ढकलायला लावलीत. टेस्ट लॅम्पचा, म्हणजे करंट दाखवणाऱ्या दिव्याचा, चिमटा इंजिनला आणि टोक कॉईलच्या डिस्ट्रिब्युटरकडे वायर जाणाऱ्या टोकाला. लॅम्प माझ्या हातात दिलात, स्वतः हात मागे बांधून उभे राहिलात. चावी चालू केली, पॉइंट मिटलेले होते, लॅम्प विझलेला. तो तसाच हवा, कारण करंट पॉइंटमधून थेट अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या अंगाला, जातोय. मग तुम्ही कार्बोरेटरकडून डिस्ट्रिब्युटरला येणारी बारीक व्हॅक्यूमची नळी कार्बोरेटरच्या बाजूनं सोडवलीत, टोक पुसलंत आणि तोंडात धरून ओढलंत. डिस्ट्रिब्युटरमधली पॉइंटची प्लेट जराशी फिरली. आणि लॅम्प पेटला! मी वाकून पाहिलं, पॉइंट मिटलेलेच होते. तुम्ही श्वास सोडलात, लॅम्प विझला. परत ओढलंत, पेटला. "आता चावी बंद कर, कॉईल तापंल," एवढंच म्हणालात.

मग त्या प्लेटला डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीशी जोडणारी, बोटभरही नसलेली, कापडी वेष्टणाची वायर चिमट्यात धरून दाखवलीत. बाहेरून धडधाकट. तुम्ही ती हलकेच ताणलीत तर कापड रबरासारखं लांबलं. आतल्या तारा केव्हाच तुटल्या होत्या, टोकाला टोक टेकून कशातरी काम चालवत होत्या. प्लेट जागेवर असली की टेकायच्या, फिरली की सुटायच्या आणि पॉइंटची अर्थला जायची वाट तुटायची.

आणि त्या क्षणी सगळ्या महिन्यांचा उलगडा झाला. नुसतं इंजिन चालू असताना त्या नळीत व्हॅक्यूम नसतो, प्लेट जागेवर असते, म्हणून गॅरेजात गाडी गुणी. चढावर पाय दाबला की व्हॅक्यूम पडतो, प्लेट परत जागेवर, गाडी गुणी. हलक्या पायानं एका वेगात चालवली की व्हॅक्यूम प्लेट ओढून धरतो आणि तार सुटते. कडेला थांबवली की परत जोडलेली. तुमचे गणपतीतले पहिले दोन प्रश्न याच्यासाठीच होते. प्रसाद हातात असतानाच तुम्हाला दोष दिसला होता, काका, पण तो मला माझ्या डोळ्यांनी दिसेपर्यंत तुम्ही बोलला नाहीत.

नवी वायर बसवताना जाड तार का चालत नाही तेही समजावलंत: प्लेट सतत हलते, तिथं बारीक तारांची मऊ वेणीच टिकते. पॉइंटचा गॅप पंधरा थाऊ, म्हणजे 0.015 इंच, फिलर गेजनं मीच लावला. चार वेळा चुकला, चारही वेळा तुम्ही गप्प उभे राहिलात.

मला वाटलं काम झालं. पण तुम्ही स्वयंपाकघरातल्या किराणा यादीशेजारची पेन्सिल मागितलीत. इंजिन चालू ठेवून प्लगची वायर इन्सुलेशनच्या पकडीनं जराशी वर उचललीत आणि मधल्या फटीत पेन्सिलीचं टोक धरलंत. ठिणगीचा नारिंगी फुलोरा पेन्सिलीच्या वायरीकडच्या बाजूला उडत होता. "हितं प्लगच्या अंगाला फुलायला पायजे. कॉईल उलटी जोडलीया." 1967 च्या आधीच्या एमजीबीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असतो, आजच्या गाड्यांच्या उलट. नवी कॉईल बसवणाऱ्यानं आजच्या सवयीनं जोडली होती. अशी गाडी चालते, पण ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि थंडीत इंजिन कुरकुरतं. कॉईलच्या दोन वायरी अदलाबदल केल्या, फुलोरा प्लगकडे आला. ती पेन्सिल मी वापरत नाही, जपून ठेवली आहे. याच पॉझिटिव्ह अर्थमुळे फोन चार्ज करायचं सॉकेट विचार न करता लावू नकोस, हेही तेव्हाच बजावलंत.

वायरींचे रंग तर तुम्ही पाढ्यासारखे पाठ करून घेतलेत. तपकिरी कायम जिवंत, पांढरी चावी फिरवल्यावर, हिरवी चावी आणि फ्यूज दोन्ही ओलांडून, काळी अर्थची, घरी परतणारी. "जाणारा करंट समदे बघत्यात, परतणाऱ्याची वाट कुणी बघत न्हाई," हे तुम्ही काळ्या वायरीबद्दल बोललात.

त्याचं पुढे काय झालं ते ऐका. ऑक्टोबरात एका सकाळी स्टार्टर रडत रडत फिरला आणि चोक ओढायला गेले तर केबल चटका बसेल इतकी गरम. पूर्वी मी गॅरेजला फोन केला असता. त्या दिवशी मी विचार केला की स्टार्टरचा एवढा करंट परत कुठून जातोय? मल्टिमीटरची एक वायर इंजिनला, दुसरी बॉडीला लावली आणि शेजारणीला चावी फिरवायला बसवलं. जिथं जवळपास शून्य दिसायला हवं तिथं तीन व्होल्टच्या वर. खाली सरपटत गेले. इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टी गंजून एका टोकाला सुटली होती आणि सगळा करंट बिचाऱ्या चोकच्या केबलवरून घरी परतत होता. पट्टी बदलली, दोन्ही टोकं चकचकीत घासली, स्टार्टर एका झटक्यात फिरला. मग तुम्हाला फोन केला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "शाब्बास पोरी." काका, मी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून रडले.

माझ्या इंजिनिअरिंगच्या वर्गातही मशीन बिघडलं की कुणीतरी "सर, बघू" म्हणत माझ्या हातातला पान्हा काढून घ्यायचं. ते प्रेमानंच करायचे, पण हात शिकायचे राहून गेले. तुम्ही एकदाही पान्हा घेतला नाहीत. पंधरा मिनिटांच्या कामाला माझ्यामुळे अडीच तास लागले, तुमचे गुडघे दुखत होते, तरी तुम्ही फक्त बॅटरीचा उजेड धरून उभे राहिलात. या उपकारासाठी आभार हा शब्द मला तोकडा वाटतो, पण दुसरा सापडत नाही.

गेल्या महिन्यात मी एकटी अ‍ॅबिंग्डनला जाऊन आले. साठेक मैल जायचे, तेवढेच यायचे, बहुतेक रस्ता पन्नासच्या आसपास, हलक्या पायानं. काटा एकदाही पडला नाही. जिथं ही गाडी जन्मली त्या गावात तिला उभी करून मी थर्मासमधला चहा प्यायले आणि पहिला घोट तुमच्या नावानं घेतला.

येत्या रविवारी व्हॉल्व्ह सेट करायचे आहेत, इंजिन गार असताना, तेही पंधरा थाऊवरच. तुमचा नवाचा हिशोब पाठ आहे, दोन व्हॉल्व्हच्या नंबरांची बेरीज नऊ: आठवा उघडा तर पहिला सेट, सातवा उघडा तर दुसरा. तरी तुम्ही या. खुर्ची गॅरेजात आणून ठेवली आहे, उशीसकट. थालीपीठ करणार आहे.

तुमची,
हिरव्या गाडीवाली पोरगी

ता. क. तुमचा टेस्ट लॅम्प माझ्याकडेच राहिलाय. चिमट्याची स्प्रिंग सैल झाली होती, ती बदलून ठेवली आहे.