चारशे वर्षांच्या लाकडाचा सूर

महोदय,

स्वीडिश वादक याकोब लिंडबर्ग यांनी वाजवलेल्या, जर्मन संगीतकार वाइसच्या ल्यूटरचना नुकत्याच ऐकल्या. (ल्यूट म्हणजे तारा छेडून वाजवायचे जुने युरोपीय वाद्य.) लिंडबर्ग यांचे वाद्य जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या सिक्स्टस राउवोल्फने १५९०च्या सुमारास घडवलेले. म्हणजे ड्रेस्डेन दरबारचा वादक असलेला वाइस (१६८७-१७५०) जन्मला, तेव्हाच ते शंभरीला टेकले होते!

आवाज इतका हळुवार, की पंखा बंद करावा लागला. खर्जाची तार छेडली की ती विरेपर्यंत वरचे सूर तिच्यावर तरंगत राहतात. तंबोऱ्याला सरावलेल्या कानाला हे परके वाटत नाही. माटेसोन हा त्या काळचा जर्मन लेखक थट्टेने म्हणे, ऐंशी वर्षे जगलेल्या ल्यूटवादकाची साठ वर्षे तारा जुळवण्यातच जातात. (सतारियांनी हसू नये.)

एकच विनंती, हे गाडीत लावू नका. रात्री निजानीज झाल्यावर ऐका.

– एक वाचक, पुणे