गोळ्यांनाही विमा द्या : केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार.

रुग्णालयात भरती झाल्यावरचा खर्च उचलणाऱ्या आयुष्मान भारत योजनेची व्याप्ती वाढवा, अशी मागणी चहूबाजूंनी होत आहे. वर्षाच्या विम्याचे पाच लाखांचे दहा लाख करा, ज्येष्ठांसाठी सत्तरीची अट साठीवर आणा, मध्यमवर्गाला हप्ता भरून योजनेत येऊ द्या, असं बरंच काही आपल्या कानांवर रोज पडत असेल. मी महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. पेशंटच्या नातेवाइकांची कागदपत्रं जुळवायची, पेशंट कुठल्या योजनेत बसतो ते पाहायचं, कुठेच बसत नसेल तर धर्मादाय ट्रस्टांना पत्रं लिहायची, हे माझं काम होतं. त्या कामातून जे दिसलं ते आधीच सांगून टाकते: विम्याची रक्कम आणखी वाढवण्याआधी विमा ओपीडीपर्यंत, म्हणजे भरती न होता घेतलेल्या उपचारांपर्यंत, आणि रोजच्या औषधांपर्यंत न्या.

योजनेने जे केलं ते कमी लेखण्याचा माझा हेतू मुळीच नाही. २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली तेव्हा संरक्षण होतं वर्षाला ३० हजार रुपयांचं. त्यात हर्नियाचं ऑपरेशन बसायचं, बायपास बसायचं नाही. बायपास सांगितलं की घरातली माणसं आधी एकमेकांकडे बघत आणि मग शेत कुणाच्या नावावर आहे यावर बोलणं सुरू होई. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून आठ जिल्ह्यांत राज्याची जीवनदायी विमा योजना सुरू झाली, तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राने प्रत्येक पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण दिलं. त्यानंतर बायपास, कॅन्सरची केमो, डायलिसिस यांसाठी ट्रस्टांना लिहायच्या माझ्या पत्रांचा ढीग खरोखरच कमी झाला. देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला, असं राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. हे सगळं श्रेय विम्याचं नाही, पण विम्याचा त्यात वाटा आहे. विमा वगैरे काही नको, सगळा पैसा सरकारी दवाखान्यांत घाला, असं म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं जमत नाही. ते दवाखाने उभे राहीपर्यंत आजच्या पेशंटने काय करायचं?

पण जी अडचण मी वर्षानुवर्षं पाहिली ती कार्डावरच्या रकमेमुळे सुटत नाही.

एका बाईंचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. पन्नाशी ओलांडलेल्या, मोलमजुरी करणाऱ्या, डायबेटिस जुना. पायाला जखम झाली, चिघळली, गँगरीन झालं. केशरी रेशनकार्ड होतं. आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं होतं, ते आरोग्यमित्राने, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाने, धावपळ करून मार्गी लावलं. प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीची योजनेची परवानगी, मंजूर झाली, ऑपरेशन झालं, एक रुपया लागला नाही. योजना जशी चालायला हवी तशीच चालली. डिस्चार्जच्या आधी फाइल भरताना मी विचारलं, "मावशी, शुगरच्या गोळ्या चालू होत्या ना?" त्या म्हणाल्या, "एक दिवसाआड घेत होते ताई. पुरवायच्या होत्या."

मेटफॉर्मिनसारख्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च काहीशे रुपयांच्या आतला. तेवढ्या पैशांसाठी योजनेत जागा नव्हती. पाय कापण्यासाठी होती.

महोदय, हा एका बाईंचा अपघात नाही, योजनेची रचनाच तशी आहे. भरती होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस एवढीच औषधं आणि तपासण्या आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये धरलेली आहेत. सोळाव्या दिवसापासून पेशंट पुन्हा मेडिकलच्या काउंटरवर. डायबेटिस, ब्लडप्रेशर, दमा, थायरॉइड, फिट्स हे आजार तर खाटेवर नसतातच, ते घरी असतात, रोज असतात. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी साधारण पस्तीस टक्क्यांना उच्च रक्तदाब. सर्वसाधारण कुटुंबाच्या आजारपणाच्या खर्चात मोठा भाग ऑपरेशनचा नसतो, तो डॉक्टरची फी, तपासण्या आणि औषधं यांचा असतो. ऑपरेशनला नातेवाईक मदत करतात, मालक उचल देतो, लोक वर्गणी काढतात. दर महिन्याच्या गोळ्यांसाठी कुणी वर्गणी काढत नाही. त्या गोळ्या माणूस गुपचूप बंद करतो.

आता आपल्यासमोरच्या सूचनांविषयी.

पाचाचे दहा लाख करणं सोपं आहे आणि जाहीर करायला छान आहे, पण त्याचा उपयोग फार थोड्यांना होईल. दाव्यांची एकूण रक्कम आणि एकूण भरत्या यांचे आकडे सरकारच वेळोवेळी देतं. त्यांचा भागाकार केला तर सरासरी दावा पंधरा हजारांच्या आसपास किंवा त्याहून कमीच निघतो. पाच लाखांची मर्यादा ओलांडणारी कुटुंबं आहेत, हे मला ठाऊक आहे. बोन मॅरो ट्रान्सप्लांट, दीर्घकाळ चालणारी कॅन्सरची नवी औषधं, दुर्मिळ आजार झालेली मुलं. त्यांच्या आईबापांची धावपळ मी जवळून पाहिली आहे, त्यांना मागे सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्यांच्यासाठी राष्ट्रीय आरोग्य निधी आहे, दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या धोरणाखाली ५० लाखांपर्यंतची तरतूद आहे. तो निधी वाढवा, अर्जाची वाट सोपी करा. त्यासाठी प्रत्येक कार्डावरचा आकडा दुप्पट करायची गरज नाही.

मध्यमवर्गाचा प्रश्न जास्त अवघड आहे आणि खरा आहे. ज्यांच्याकडे कुठलंच आरोग्य संरक्षण नाही असे किमान ३० टक्के लोक, म्हणजे सुमारे ४० कोटी, देशात आहेत, असं नीती आयोगाने २०२१ मध्ये म्हटलं होतं. ईएसआयसीची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, पगारमर्यादा २०१७ पासून २१ हजारांवर आहे. कारखान्यातल्या माणसाला बढती मिळते, पगार बावीस हजार होतो आणि ईएसआयसी सुटते. बाजारातला विमा घ्यायचा तर वयस्कर आईवडिलांचा हप्ता झेपत नाही. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी काढला, ते चांगलं केलंत, पण ज्याला हप्ताच परवडत नाही त्याला त्याने फारसा फरक पडत नाही.

यावर 'हप्ता भरा आणि योजनेत या' हा उपाय सुचवला जातो. तो ऐच्छिक ठेवला तर काय होतं ते माझ्यासारखी कागदं जुळवणारी बाईही सांगू शकेल: ज्याला ऑपरेशन सांगितलंय तो आधी हप्ता भरेल, धडधाकट माणूस पुढच्या वर्षी बघू म्हणेल. थायलंडने ऐच्छिक हेल्थ कार्डाचा प्रयोग करून नेमका हाच अनुभव घेतला. शेवटी २००२ मध्ये त्यांनी करांच्या पैशातून सर्वांना संरक्षण दिलं, एका भेटीला फक्त ३० बाट घेतले. सक्तीचा हप्ता लावायचा तर पगारदाराच्या पगारातून कापता येतो. रिक्षावाला, शेतमजूर, घरकाम करणारी बाई यांच्याकडून दर महिन्याला वसूल कुणी करायचा? आपल्याकडे बहुतेक लोक असंघटित क्षेत्रात आहेत. म्हणून माझं मत करांच्या पैशाच्या बाजूने आहे, तो सरकारवर मोठा बोजा आहे हे मान्य करून.

सर्वांना कार्ड दिल्यावर काय होतं, याचा नमुना महाराष्ट्रात आहे. जुलै २०२४ पासून इथे रेशनकार्डाच्या रंगाची अट गेली, शुभ्र कार्डवालाही पाच लाखांच्या संरक्षणात आला. निर्णय योग्यच होता. पण कार्ड सर्वांकडे असलं तरी अंगीकृत, म्हणजे योजनेत नोंदलेलं, रुग्णालय सर्वांच्या जवळ नसतं. मोठ्या शहरांत ती दाटीने आहेत, आदिवासी आणि डोंगरी तालुक्यांत पेशंटला जिल्ह्याच्या गावी न्यावं लागतं. जाण्यायेण्याचा, सोबतच्या माणसाच्या बुडालेल्या मजुरीचा, त्याच्या जेवणाचा खर्च कार्डावर येत नाही. रुग्णालयाची थकबाकी महिनोन् महिने राहिली की तिथे "सध्या योजनेत बेड नाही" हे उत्तर मिळतं. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातल्या शेकडो खासगी रुग्णालयांनी थकबाकीसाठी योजनेतले उपचारच थांबवले होते. पैसे वेळेवर न देता व्याप्ती वाढवली की असंच होणार.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. प्रोसिजरमागे पैसे मिळाले की प्रोसिजर वाढतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या एका गावात तपासणी शिबिर भरवून लोकांना अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात नेलं, १९ जणांची अँजिओग्राफी केली, सात जणांना स्टेंट घातले, त्यातले दोघे दगावले. आयुष्मान कार्ड होतं म्हणूनच त्यांची निवड झाली होती. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात तर सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल नंबरला जोडलेले आढळले आणि आधी मृत दाखवलेल्या पेशंटच्या उपचारांपोटी सुमारे सात कोटी रुपये दिल्याचं निघालं. देखरेख वाढली आहे, लबाड रुग्णालयं योजनेतून काढलीही जातात. पण रचना तीच राहिली तर मोहही तोच राहणार.

ओपीडीला विमा द्यायचा तर खोटी बिलं आणखी वाढतील, असा आक्षेप आपले अधिकारी घेतील, आणि तो बरोबर आहे. दोनशे-तीनशे रुपयांची कोट्यवधी बिलं कुणी तपासायची? म्हणून ओपीडी बिलावर नकोच. थायलंडने लोकांची नोंद त्यांच्या जवळच्या रुग्णालयाकडे आणि आरोग्य केंद्राकडे केली आणि ओपीडीचे पैसे नोंदलेल्या माणसामागे ठरावीक दिले. पेशंट बरा राहिला तर त्यात केंद्राचाच फायदा. हे जमलं कारण त्याआधीची अनेक वर्षं त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या सरकारी रुग्णालयांवर खर्च केला होता. आपल्याकडे आयुष्मान आरोग्य मंदिरं, म्हणजे जवळची सरकारी आरोग्य केंद्रं, दीड लाखांहून अधिक आहेत. इमारत आहे, पाटी आहे, सामुदायिक आरोग्य अधिकारी आहे. कपाटात औषधं दर महिन्याला असतील याची खात्री नाही.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणीपर्यंत सगळं मोफत झालं. तरीही पेशंटच्या हातात "बाहेरून आणा" अशी चिठ्ठी पडते, कारण खरेदी अडकलेली असते. हे सुटू शकतं. तमिळनाडूने १९९४ पासून औषध खरेदीचं स्वतंत्र महामंडळ चालवलं, राजस्थानने ऑक्टोबर २०११ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत औषधं द्यायला सुरुवात केली. तमिळनाडूत २०२१ पासून शुगर आणि बीपीच्या गोळ्या घरपोच जातात. आपल्याच देशातल्या राज्यांनी हे करून दाखवलं आहे.

पैशाचं म्हणाल तर २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आयुष्मान भारतसाठी ९,४०६ कोटी रुपये होते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचं वचन दिलं होतं. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. माझ्या सूचनेला जास्त पैसा लागेल, आणि राज्यांना त्यातला ४० टक्के भार उचलायला लावलात तर गरीब राज्यं मागे राहतील. औषधांचा पूर्ण खर्च निदान पहिली पाच वर्षं केंद्राने करावा, असं मला वाटतं.

सगळ्या देशात एकदम करा, असा हट्ट नाही. योजना चालवणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाकडे प्रत्येक दाव्याची नोंद आहे. डायबेटिसमुळे पाय कापल्याचे, अर्धांगवायूचे आणि नव्याने डायलिसिसवर गेलेल्यांचे दावे ज्या जिल्ह्यांत सर्वाधिक आहेत ते काढा. तिथल्या प्रत्येक आरोग्य मंदिरात शुगर, बीपी, दमा आणि फिट्स यांची औषधं एकदम तीन महिन्यांची द्या, कार्डावर नोंदवून द्या, आणि कुठल्या केंद्रात किती दिवस कुठलं औषध संपलं होतं ते लोकांना दिसेल असं जाहीर करा. तीन वर्षांनी त्याच जिल्ह्यांतले तेच तीन प्रकारचे दावे पुन्हा मोजा. आकडे काहीही आले तरी ते छापा. ते छापल्याशिवाय कार्डावरच्या पाच लाखांना हात लावू नका, एवढी विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)
महाराष्ट्र