कुंडीत निव्वळ काळी माती नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मृग तोंडावर आला की जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेरच्या रोपवाटिकांत गर्दी सुरू होते. टोमॅटोची चार रोपे, मिरचीची दोन, एखादे लिंबू, वर रंगीत कुंड्या असे सामान गच्चीवर चढते. त्यातले बरेचसे दिवाळीपर्यंत जाते आणि उरलेले होळीनंतर वाळते. मग घरातली माणसे म्हणतात, आमच्या हाताला गुणच नाही. हाताला दोष देण्याचे कारण नाही. कुंडीतल्या भाजीची जी माहिती सगळीकडे फिरते ती बहुतेक पुण्या-मुंबईच्या हवेची असते. आपली माती वेगळी, पाणी वेगळे आणि ऊन तर फारच वेगळे.

सगळ्यात मोठी चूक मातीत होते. शेतातून दोन गोण्या काळी माती आणायची आणि कुंड्या भरायच्या, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. शेतात ही माती सोन्यासारखी, कारण तिला खोली असते. कुंडीत मात्र ती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. आकसताना कडेपासून सुटून चारी बाजूंनी करंगळी जाईल एवढी फट पडते. वरून ओतलेले पाणी त्या फटीतून थेट खालच्या भोकाने निघून जाते. खाली पाणी आलेले दिसते म्हणून आपण निर्धास्त होतो आणि मधला मुळांचा गोळा मात्र कोरडाच राहतो. पावसाळ्यात याच्या उलट: चिखल घट्ट बसतो, मुळांना हवा मिळत नाही, खालची पाने पिवळी पडतात. रोप दोन्ही वेळा मान टाकते आणि दोन्ही वेळा आपण आणखी पाणी घालतो.

म्हणून मिश्रण करावे. १२ इंच रुंद आणि तितक्याच उंच ग्रो बॅगेत (रोपे लावायच्या पिशवीत) सुमारे २० लिटर मिश्रण बसते. घमेल्याने मोजून प्रमाण असे: नदीकाठची पोयटा किंवा गाळाची माती ३, पूर्ण कुजलेले शेणखत ३, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ३ आणि जाड वाळू १. बॅगेमागे दोन मुठी निंबोळी पेंड. काळीच माती हाताशी असेल तर ती २ घमेलीच घ्यावी आणि वाळू २ करावी. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजली की ६०-७० लिटर होते. त्यात मीठ असते म्हणून दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्यावी. ती महाग वाटली तर भुईमुगाच्या शेंगांची टरफले बारीक करून वर्षभर कुजवलेली वापरावीत, आपल्याकडे त्यांना तोटा नाही. शेणखत मुठीत दाबून पाहावे. काळसर, भुसभुशीत आणि वास नसलेले असेल तरच घ्यावे. अर्धवट कुजलेले खत कुंडीत तापते, आणि त्यातून येणारी हुमणी ही पांढरी अळी मुळे कुरतडून टाकते. रोप सकाळी टवटवीत दिसते, दुपारी लोळते, उपटले तर हातात अलगद येते.

कुंडीच्या तळाला विटांचे तुकडे, खडी भरण्याची जुनी सवय सोडावी. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही. ते मातीच्या तळाशीच अडते, म्हणजे ओल उलट मुळांजवळ येते आणि जागाही वाया जाते. भोकावर शेडनेटचा, म्हणजे सावलीच्या जाळीचा, तुकडा ठेवला की पुरे. भोके बोटाच्या जाडीची, पाच-सहा हवीत, आणि बॅग दोन विटांवर उचललेली हवी. ओली झालेली १८ इंची बॅग ७० किलोच्या आसपास भरते. अशा बॅगा स्लॅबच्या मध्यावर न ठेवता भिंती आणि बीमच्या रेषेत ठेवाव्यात. जुन्या धाब्याच्या घरावर तर हा भार टाकूच नये.

आता उन्हाबद्दल. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा पानांपेक्षा मुळे आधी भाजतात. काळ्या बॅगेच्या पश्चिमेच्या अंगाला दुपारी चार वाजता हात लावून पाहावा, टेकवत नाही. त्या बाजूची मुळे मेलेलीच असतात. बॅगेभोवती ओले बारदान गुंडाळावे, बॅगा एकमेकींना चिकटवून ठेवाव्यात आणि पश्चिमेला सर्वांत मोठी झाडे घ्यावीत. मार्च ते जून ५० टक्क्यांचे शेडनेट सात फुटांवर ताणावे. ते झाडाला टेकता कामा नये. मातीवर दोन इंच आच्छादन हवेच. त्यासाठी केळीच्या वाळलेल्या पानांइतकी चांगली वस्तू आपल्या भागात दुसरी नाही, आणि बागेवर मागितली तर ती फुकट मिळते.

पाणी सकाळी लवकर द्यावे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. मेमध्ये १२ इंची बॅगेला सकाळी दीड-दोन लिटर आणि संध्याकाळी त्याच्या निम्मे लागते. पावसाळ्यात कित्येक दिवस काहीच लागत नाही. उन्हात पडलेल्या पाइपातले पहिले पाणी चटका बसेल इतके तापलेले असते, ते बादलीत सोडून द्यावे. कूलरच्या टाकीत तळाशी उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत कुंड्यांना घातले जाते. ते घालू नये. पाणी उडून जाते आणि क्षार टाकीतच साठतात. आरओ यंत्राच्या सांडपाण्याचेही तसेच. कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसू लागली तर क्षार वाढले असे समजावे आणि महिन्यातून एकदा बॅगेच्या आकारमानाएवढे साधे पाणी सावकाश ओतून ते खालून वाहून जाऊ द्यावे. एसीचे टपकणारे पाणी मात्र बिनधास्त वापरावे, त्यात क्षार नसतात.

कोणती भाजी केव्हा लावायची, यात निम्मे यश आहे. टोमॅटोला दिवसा ३५ अंशांवर आणि रात्रीही २४-२५च्या खाली न उतरणारी हवा मिळाली की पराग निकामी होतो आणि फुले गळतात. त्याला कोणतेही टॉनिक उपाय नाही. आपल्याकडे टोमॅटोचे बी ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात टाकावे. उन्हाळ्यात भेंडी, गवार, चवळी. मेथी-पालकाला सहा इंच खोलीचा ट्रे पुरतो. कोथिंबिरीचे धणे लाटण्याने हलके रगडून दोन डाळिंब्या कराव्यात, रात्रभर भिजवून पेरावेत. आठ-बारा दिवस वाट पाहावी. नवखे लोक पाचव्या दिवशी माती उकरतात आणि कोंब मोडतात.

जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते आपल्या गच्चीवर असायलाच हवे. जूनमध्ये बी ट्रेमध्ये टाकावे, चार-पाच पानांचे रोप महिनाभराने १५ इंची बॅगेत एकच लावावे, बॅगेत दोन लावण्याचा मोह टाळावा. फळ जड असते, म्हणून लावतानाच काठी रोवावी. नंतर रोवली तर मुळे तुटतात. शेंडा अचानक मान टाकून लोंबकळला तर आत अळी आहे. तो दोन इंच खालून कापून, चिरडून टाकावा. कंपोस्टात टाकला तर अळी तिथून पतंग होऊन परत येते.

गिलके, दोडके, दुधीला १८ इंची बॅग आणि मांडव हवा. "फुले येतात, फळ धरत नाही" ही तक्रार नेहमीची. नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे बारीक फळ दिसते. उंच गच्चीवर मधमाशी कमी पोहोचते, तेव्हा परागीभवन हाताने करावे. वेळ मात्र चुकू नये: गिलक्याचे फूल पहाटे उमलते, दोडक्याचे आणि दुधीचे संध्याकाळी. सकाळी दहाला दुधीच्या फुलावर ब्रश फिरवून काही साधत नाही.

टोमॅटोच्या बुडाशी काळा, दबलेला डाग पडला की अंड्याची टरफले घातली जातात. ती कुजायला महिने लागतात. बहुतेक वेळा दोष अनियमित पाण्याचा असतो: एक दिवस कोरडे, एक दिवस तुडुंब, त्यामुळे कॅल्शियम फळापर्यंत पोहोचत नाही. मिरचीची पाने होडीसारखी वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी ही बारीक कीड. जून-जुलैत निंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, त्या गोळा करून सावलीत वाळवाव्यात. ५० ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून, चिमूटभर साबण घालून पानांच्या खालच्या अंगाला फवारावी; तीही संध्याकाळी, कारण कडक उन्हात तिचा गुण उतरतो. साखरेचा चहाचा चोथा कुंडीत टाकू नये. त्याने मुंग्या येतात, आणि मुंग्या पिठ्या ढेकणाला, म्हणजे रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीला, जपतात. खत म्हणून महिन्याला दोन मुठी गांडूळ खत पुरते. शेंगदाण्याची पेंड द्यायची तर १०० ग्रॅम लिटरभर पाण्यात चार दिवस भिजवून, दहापट पाणी मिसळून द्यावी. घट्ट दिली तर मुळे जळतात.

फळझाडांत सुरुवात कागदी लिंबाने करावी, पेरू दुसरा. केळी कुंडीत लावण्याचा आग्रह धरू नये, तिची भूक आणि तहान बॅगेत भागत नाही. लिंबाची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर बोअरच्या चुनखडीच्या पाण्यामुळे लोह कमी पडले आहे. अशा वेळी नत्र वाढवू नये. चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले) लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात फवारावे. बियाचे लिंबू फळायला चार-पाच वर्षे घेते, गुटी कलमाचे दोन-तीन. हा फरक रोप घेताना कुणी सांगत नाही. म्हणून रोपवाटिकाचालकांना विनंती, की पिशवीवर वाणाचे नाव, देशी की संकरित, बियाचे की कलमी, एवढे लिहावे. आणि आपल्याला विनंती, की कृषी पानावर पिकांच्या सल्ल्यासोबत दर पंधरवड्याला चार ओळी कुंडीतल्या भाजीसाठीही द्याव्यात: या पंधरवड्यात खानदेशात काय पेरायचे, काय थांबवायचे, पाणी किती. पहिल्या ओळी मृगाच्या आत आल्या तर भरताच्या वांग्याचे बी वेळेवर पडेल.

आपले,
गच्चीवर भाजी पिकवणारे काही वाचक,
जळगाव